‘डर’ पाहताना आपण नेमके कोणाच्या बाजूने असतो? पछाडलेपणावरचे थ्रिलर आणि ‘एकतर्फी प्रेमा’मागचं वास्तव

पुण्याहून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट मागे टाकून पौडच्या दिशेने निघालं की कासार आंबोली लागतं. मुलींच्या सैनिकी शाळेमुळे मुळशी तालुक्यातलं हे गाव अनेकांना ठाऊक आहे. आजूबाजूला कारखाने, भाड्याच्या खोल्या, शिफ्टला जाणारी पोरं आणि कॉलेजसाठी रोज बसने पुणे गाठणाऱ्या मुली. मोठ्या पडद्यावर सिनेमा पाहायचा तर कोथरूडपर्यंत यावं लागतं. त्यामुळे बहुतेकांचं थिएटर म्हणजे हातातला मोबाईल.

समजा, अशाच एखाद्या खोलीत रात्री साडेदहाला कुणीतरी इअरफोन लावून सायकॉलॉजिकल थ्रिलर पाहतंय. पडद्यावर एक माणूस एका मुलीच्या मागे आहे. तिला ते माहीत नाही, प्रेक्षकाला माहीत आहे. छातीत धडधडतंय, पण स्क्रीनवरून नजर हटत नाही.

असे सिनेमे आपल्याला का आवडतात? त्यांतलं ‘ऑब्सेशन’ आणि मानसशास्त्रातलं ‘ऑब्सेशन’ एकच असतं का? आणि सिनेमा संपल्यावर सकाळच्या बसमध्ये तसाच कुणीतरी मागच्या सीटवर दिसला, तर कायदा काय म्हणतो? समजून घेऊया.

सुरुवात ‘डर’पासून

पछाडलेपणावरचा हिंदी सिनेमा म्हटलं की पहिलं नाव ‘डर’चं येतं. यश चोप्रांचा हा सिनेमा २४ डिसेंबर १९९३ रोजी प्रदर्शित झाला. जुही चावलाची किरण, सनी देओलचा नौदल अधिकारी सुनील आणि शाहरुख खानचा राहुल. राहुल किरणच्या कॉलेजातला. तो तिला फोन करतो, तिच्या मागे फिरतो, भिंतीवर तिचे फोटो लावतो, तिचं नाव स्वतःच्या छातीवर चाकूने कोरतो आणि हयात नसलेल्या आईशी फोनवर बोलतो. किरणचा नकार स्पष्ट असतो. राहुलच्या लेखी त्या नकाराला किंमत नसते.

कथेप्रमाणे सुनील नायक आहे आणि शेवटी राहुल मरतो. पण थिएटरमधून बाहेर पडताना लोकांच्या ओठांवर होता तो राहुल. किरणचं नाव अडखळत घेण्याची त्याची लकब पुढे कितीतरी वर्षं नकलाकारांचं भांडवल झाली. खलनायकच भाव खाऊन गेल्याची नाराजी सनी देओलने नंतर मुलाखतींमध्ये उघडपणे बोलून दाखवली.

याच सिनेमाला ‘निकोप मनोरंजन करणारा सर्वोत्कृष्ट लोकप्रिय चित्रपट’ हा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमा म्हणून तो चांगला बांधलेला आहेच. पण एका मुलीच्या सततच्या छळाची गोष्ट ‘निकोप’ वाटावी, यावरून त्या काळी पाठलागाकडे आपण कसं पाहत होतो, हे लक्षात येतं.

मराठी कलाकार आणि पछाडलेल्या भूमिका

या प्रकारच्या सिनेमांत मराठी कलाकारांचा वाटा मोठा आहे.

*अग्निसाक्षी (१९९६):* नाना पाटेकर यांनी संशयाने पछाडलेला नवरा उभा केला. बायको जीव वाचवून पळते, नवं आयुष्य सुरू करते आणि तो तिला शोधत तिथे पोहोचतो. या भूमिकेसाठी नानांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कथेची मूळ कल्पना ज्युलिया रॉबर्ट्सच्या ‘स्लीपिंग विथ द एनिमी’ (१९९१) या हॉलिवूडपटाशी मिळतीजुळती आहे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचा पुन्हा उल्लेख येणार आहे.

*प्यार तूने क्या किया (२००१):* इथे पाठलाग करणारी स्त्री आहे. उर्मिला मातोंडकरची रिया विवाहित जयच्या प्रेमात पडते, त्याचं लग्न झालंय हे मान्यच करत नाही आणि त्याच्या बायकोच्या जिवावर उठते. बायकोच्या भूमिकेत सोनाली कुलकर्णी. म्हणजे समोरासमोर दोन मराठी अभिनेत्री. शेवटी रिया मनोरुग्णालयात पोहोचते.

मराठी सिनेमात मनाच्या अंधाऱ्या कोपऱ्यांची गोष्ट त्याआधीपासून सांगितली जात होती. १९७६ च्या ‘हा खेळ सावल्यांचा’मध्ये आशा काळे यांच्या नायिकेला झपाटणारं भूत मुळात तिच्या मनातल्या भीतीतून आलेलं असतं.

भीती वाटते, तरी आपण का पाहतो?

याची तीन-चार कारणं सांगितली जातात.

पहिलं कारण सुरक्षित भीतीचं. शरीर घाबरतं, पण आपण घरात आहोत आणि हवं तेव्हा ‘पॉज’ दाबू शकतो, हे मेंदूला माहीत असतं. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी अशा आनंदाला ‘निरुपद्रवी आत्मपीडन’ या अर्थाचं नाव दिलंय. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ठेचा खाऊन वर आणखी मागणारा माणूस हे त्याचं आपल्याकडचं उदाहरण.

दुसरं कारण ताण सुटण्याचं. भीतीने वाढलेली उत्तेजना शेवटी सुटकेच्या आनंदात मिसळते आणि तो आनंद एरवीपेक्षा मोठा वाटतो. डॉल्फ झिलमन या अभ्यासकाने हा सिद्धांत मांडला.

तिसरं कारण सिनेमाच्या तंत्रातलं. आल्फ्रेड हिचकॉक यांचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण प्रसिद्ध आहे. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं आणि टेबलाशी बसलेल्यांना ते कळू दिलं नाही, तर तो पंधरा मिनिटं श्वास रोखून बसतो. ‘डर’मध्ये हेच होतं. फोनवर कोण आहे हे आपल्याला कळलेलं असतं, किरणला नाही.

चौथं कारण थोडं अडचणीचं आहे. पछाडलेल्या माणसाच्या सिनेमात कॅमेरा बहुतेक वेळा त्याच्याच डोळ्यांनी पाहतो. त्याचं एकटेपण, त्याची आई, त्याचं बालपण आपल्याला कळतं. जिचा पाठलाग होतोय ती मात्र अनेकदा फक्त सुंदर आणि घाबरलेली दिसते. तिचं काम, तिची झोप, तिची चिडचिड यांना पटकथेत जागाच नसते. ज्याच्यासोबत आपण जास्त वेळ घालवतो, त्याचीच आपल्याला कणव येते. राहुल लक्षात राहिला आणि किरण विसरली गेली, यामागे शाहरुखचा अभिनय होता तसं हेही होतं.

‘ऑब्सेशन’ म्हणजे नेमकं काय?

सोशल मीडियावर ‘मला कोल्ड कॉफीचं ऑब्सेशन आहे’ इथपासून ‘तो सायको आहे’ इथपर्यंत सगळं एकाच पिशवीत टाकलं जातं. प्रत्यक्षात या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

*ओसीडी:* यात मनात नको असलेले विचार पुन्हा पुन्हा येतात. हात अस्वच्छ आहेत, गॅस चालू राहिलाय, माझ्याकडून कुणाला इजा होईल, असे. त्या व्यक्तीला स्वतःला हे विचार त्रासदायक वाटतात आणि ते थांबवण्यासाठी ती धडपडत असते. सिनेमातल्या पाठलाग करणाऱ्याशी याचा संबंध नाही. त्याला आपले विचार नकोसे वाटत नाहीत, उलट योग्य वाटतात.

*लिमरन्स:* एखाद्या व्यक्तीचा सतत ध्यास, तिच्या छोट्याशा कृतीतही होकार शोधणं. मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनोव्ह यांनी १९७९ मध्ये आपल्या पुस्तकातून ही संज्ञा मांडली. हा आजार नाही. कमी-अधिक प्रमाणात अनेकजण यातून जातात आणि कुणालाही त्रास न देता बाहेर पडतात.

*इरोटोमेनिया:* समोरची व्यक्ती, बहुतेकदा प्रसिद्ध किंवा वरच्या हुद्द्यावरची, आपल्यावरच प्रेम करते असा ठाम भ्रम. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ द क्लेराम्बो यांनी १९२१ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं. हा गंभीर मानसिक आजार आहे, तुलनेने दुर्मिळ आहे आणि त्यावर उपचार लागतात.

*स्टॉकिंग:* हे आजाराचं नाव नाही, वागण्याचं नाव आहे. नको म्हटल्यावरही पाठलाग करणं, संपर्क करत राहणं, नजर ठेवणं.

स्टॉकिंग करणारे सगळे मनोरुग्ण असतात का? तर नाही. ऑस्ट्रेलियातले मनोविकारतज्ज्ञ पॉल मलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये त्यांचे पाच गट सांगितले: नातं तुटल्यावर मागे लागणारे, जवळीक मिळेल या भ्रमात असलेले, नकार कळत नसलेले, सूड उगवू पाहणारे आणि हल्ल्याच्या तयारीने पाळत ठेवणारे. सिनेमा बहुतेकदा दुसऱ्या किंवा शेवटच्या गटातला माणूस निवडतो. खऱ्या आयुष्यात पाठलाग करणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो. आधीचा जोडीदार, वर्गमित्र, शेजारी किंवा कामावरचा सहकारी.

सिनेमातला ‘वेडा’ आणि खरा रुग्ण

अशा सिनेमांचा शेवट ठरलेला असतो. पछाडलेलं पात्र मरतं तरी किंवा मनोरुग्णालयात जातं. हॉलिवूडच्या ‘फेटल अट्रॅक्शन’चं (१९८७) उदाहरण यासाठी दिलं जातं. मूळ शेवटात ग्लेन क्लोजचं पात्र आत्महत्या करतं. चाचणी खेळांच्या प्रेक्षकांना तो शेवट पटला नाही, त्यांना तिला शिक्षा झालेली पाहायची होती. मग शेवट पुन्हा चित्रित झाला आणि त्यात तिला ठार मारलं गेलं. ग्लेन क्लोज यांनी या बदलाला विरोध केला होता. पुढे त्यांनी मानसिक आजारांविषयीचे गैरसमज दूर करण्यासाठी संस्थाही सुरू केली.

मराठीत याच्या अगदी उलट वाटेने जाणारा सिनेमा आहे. पुण्याच्या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४). अतुल कुलकर्णीचा शेष हा स्किझोफ्रेनिया झालेला तरुण. त्याचं मन गावच्या देवराईत अडकलेलं आहे. त्याला सांभाळणाऱ्या बहिणीच्या भूमिकेत सोनाली कुलकर्णी आहे. म्हणजे ‘प्यार तूने क्या किया’मध्ये पछाडलेल्या मनाचा हल्ला झेलणारी हीच अभिनेत्री तीन वर्षांनी आजारी मनाची काळजी घेताना दिसते. ‘देवराई’मध्ये कुणी कुणाचा पाठलाग करत नाही. औषधं, डॉक्टर, घरच्यांची दमछाक आणि हळूहळू होणारी सुधारणा आहे.

हा फरक महत्त्वाचा आहे. मानसिक आजार असलेले बहुसंख्य लोक हिंसक नसतात, उलट त्यांच्यावरच अन्याय होण्याची शक्यता जास्त असते. ‘सायको’ हा शब्द सहज वापरल्याने दोन तोटे होतात. रुग्ण उपचाराला घाबरतो. आणि शुद्धीवर असलेल्या, विचार करून त्रास देणाऱ्या माणसाला ‘वेडा आहे बिचारा’ अशी सवलत मिळते.

‘एकतर्फी प्रेमातून’ हे शब्द कुठून आले?

महाराष्ट्राला या विषयाची ओळख सिनेमातून झालेली नाही. ‘डर’ येण्याच्या तीन वर्षं आधी, मार्च १९९० मध्ये, उल्हासनगरमध्ये दहावीची परीक्षा देत असलेल्या मुलीला परीक्षा केंद्रात घुसून जाळून मारण्यात आलं. राज्य हादरलं.

त्यानंतरही यादी थांबली नाही. ३ फेब्रुवारी २०२० रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटमध्ये कॉलेजला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आलं. सात दिवसांनी, १० फेब्रुवारीला तिचा मृत्यू झाला. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयाने आरोपीला जन्मठेप सुनावली. २७ जून २०२३ रोजी पुण्यात, सदाशिव पेठेत, एका विद्यार्थिनीवर तरुणाने कोयत्याने हल्ला केला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणांनी धावत जाऊन हल्लेखोराला अडवलं, म्हणून ती वाचली.

यांपैकी जवळपास प्रत्येक बातमीत ‘एकतर्फी प्रेमातून’ हे दोन शब्द होते. शब्द ओळखीचे आहेत, म्हणून खटकत नाहीत. पण ते गुन्ह्याचं कारण मारणाऱ्याच्या बाजूने सांगतात. मुलीने नकार दिला होता आणि तो नकार पायदळी तुडवला गेला, हे त्यांतून कळतच नाही.

सिनेमा पाहून कुणी असं करतं का?

‘सिनेमामुळे पोरं बिघडतात’ हे सोपं उत्तर आहे, पण ते पुरेसं नाही. सिनेमा आणि गुन्हा यांच्यात थेट रेघ ओढता येत नाही. लाखो लोकांनी ‘डर’ पाहिला आणि कुणाच्या मागे गेले नाहीत.

तरीही परिणाम शून्य असतो असंही नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या ज्युलिया लिपमन यांनी केलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. त्यांनी स्त्रियांच्या वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे सिनेमे दाखवले. काहींनी पाठलाग गमतीशीर किंवा रोमँटिक दाखवणारे सिनेमे पाहिले, काहींनी पाठलाग भीतीदायक दाखवणारे. दुसऱ्या प्रकारातला एक सिनेमा होता ‘स्लीपिंग विथ द एनिमी’, म्हणजे आपल्या ‘अग्निसाक्षी’चा भाऊबंद. सिनेमात रंगून गेलेल्या किंवा तो खरा वाटलेल्या ज्या स्त्रियांनी रोमँटिक पाठलाग पाहिला होता, त्या ‘मागे लागणं म्हणजे खरं प्रेम’ अशा समजुतींशी जास्त सहमत झाल्या. भीतीदायक सिनेमा पाहिलेल्यांमध्ये अशा समजुतींना पाठिंबा कमी दिसला.

म्हणजे गडबड थ्रिलरमध्ये कमी आणि लव्हस्टोरीत जास्त आहे. नायिकेच्या मागे शिट्ट्या मारत फिरणारा, तिच्या घराखाली उभा राहणारा आणि शेवटी तिचा होकार मिळवणारा ‘हिरो’ जास्त चुकीचं शिकवतो. कारण तिथे भीतीचं संगीत वाजत नाही, गाणं वाजतं. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात दोन महिलांचा पाठलाग केल्याच्या खटल्यात आरोपी भारतीय तरुणाच्या वकिलाने बॉलिवूडमध्ये असंच दाखवतात असा बचाव मांडला होता. त्याची तुरुंगवारी टळली आणि ही बातमी जगभर पोहोचली.

कायदा काय सांगतो?

२०१३ पर्यंत भारतात स्टॉकिंगसाठी स्वतंत्र कलम नव्हतं. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर न्या. वर्मा समितीच्या अहवालापाठोपाठ कायदा बदलला आणि भारतीय दंड संहितेत कलम ३५४ ड आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आता ही तरतूद तिच्या कलम ७८ मध्ये आहे.

- स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवूनही पुरुषाने वारंवार पाठलाग करणं, संपर्क करणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे.
- तिच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संवादावर नजर ठेवणं हाही गुन्हा आहे.
- पहिल्यांदा दोषी ठरल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हा गुन्हा जामीनपात्र आहे.
- पुन्हा दोषी ठरल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हा अजामीनपात्र आहे.
- पीडित व्यक्ती १८ वर्षांखालची असेल, तर लैंगिक हेतूने केलेला सततचा पाठलाग किंवा संपर्क ‘पॉक्सो’ कायद्यातही गुन्हा ठरतो. तिथे मुलगा-मुलगी असा भेद नाही.

कलम ७८ मध्ये पीडित स्त्री आणि आरोपी पुरुष असंच गृहीत धरलंय. पुरुषाचा पाठलाग होत असेल तर धमकी, बदनामी अशा इतर कलमांखाली तक्रार करता येते.

असं आपल्यासोबत घडत असेल तर?

मोठ्या शहरात माणूस गर्दीत हरवू शकतो. कासार आंबोलीसारख्या गावात तसं होत नाही. बस ठरलेली, थांबा ठरलेला, घर सगळ्यांना माहीत. आणि सर्वात मोठी भीती वेगळीच असते: ‘घरी सांगितलं तर माझंच कॉलेज बंद होईल.’ अनेक मुली याच कारणाने महिनोन्महिने गप्प राहतात.

१. नकार एकदा, स्पष्ट शब्दांत द्या. ‘सध्या नको’, ‘बघू’ असं नको. त्यानंतर उत्तर देणं थांबवा. पन्नासाव्या मेसेजला रागाने दिलेलं उत्तरही ‘पन्नास मेसेज केले की उत्तर मिळतं’ एवढंच शिकवतं.

२. ब्लॉक करण्याआधी पुरावा ठेवा. तारीख, वेळ आणि नंबर दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या. कुठे, कधी पाठलाग झाला याची वहीत नोंद करा.

३. किमान एका विश्वासू माणसाला सांगा. मैत्रीण, शिक्षक, मोठी बहीण, कामावरच्या ताई, कुणीही चालेल.

४. तातडीच्या वेळी ११२ वर फोन करा. महिला हेल्पलाइन १८१ आणि १०९१, लहान मुलांसाठी १०९८. ऑनलाइन त्रासाची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते.

५. हद्दीचं कारण ऐकून परत फिरू नका. घटना मुळशीतली असो वा पुण्यातली, ‘झीरो एफआयआर’ कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो.

पालकांसाठी एकच गोष्ट. मुलीने येऊन सांगितलं तर तिची बस, मोबाईल किंवा कॉलेज बंद करू नका. तसं केलं तर शिक्षा तिलाच होते. आणि हे पाहून धाकटी बहीण पुढे काही सांगतच नाही.

आणि वाचणाऱ्याला स्वतःबद्दलच शंका वाटत असेल तर? एखाद्या व्यक्तीचं प्रोफाइल दिवसातून पन्नासदा उघडणं, नवी अकाउंट काढून मेसेज करणं, ती कुठे आहे हे तपासल्याशिवाय झोप न येणं. हे होत असेल तर शरमेने लपवू नका. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. नकार पचवता येतो आणि त्यासाठी मदत मागता येते.

मग असे सिनेमे पाहायचे की नाही?

पाहायचे, नक्कीच. चांगला थ्रिलर पाठलाग किती भयंकर असतो हे दोन तासांत जाणवून देतो. अनेकांना आपल्यासोबत जे घडतंय त्याचं नाव पहिल्यांदा पडद्यावरच कळतं. २०२४ मध्ये गाजलेली ‘बेबी रेनडिअर’ ही मालिका पुरुषाच्या वाट्याला आलेल्या पाठलागाविषयी होती आणि तिने हा विषय घराघरांत बोलायला लावला.

पुढच्या वेळी ‘डर’ लावाल तेव्हा एक करून पाहा. फोन वाजतो त्या प्रसंगात राहुलऐवजी किरणकडे बघा. ती किती वेळा नाही म्हणते ते मोजा. सिनेमा तोच आहे, पण तो वेगळा दिसेल. आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये एखादी मुलगी कुणाला तरी टाळण्यासाठी सारखी जागा बदलताना दिसली, तर ते आपल्या लवकर लक्षात येईल.